कुंपणाचा झटका आणि बॅटरीचा हिशोब : आमची वाटचाल

आमच्या छोट्या उद्योगाची सुरुवात विद्युत कुंपणाच्या झटका मशीनच्या, म्हणजे बॅटरीवर चालून कुंपणाच्या तारेत ठरावीक अंतराने विजेचा झटका सोडणाऱ्या यंत्राच्या, दुरुस्तीपासून झाली. "मशीन बिघडली आहे, झटका बसत नाही" अशा तक्रारीसह आलेल्या पुष्कळ मशीन टेबलावर चांगली बॅटरी जोडताच व्यवस्थित चालत असत. दोष असायचा तो उतरलेल्या बॅटरीत, कमकुवत अर्थिंगमध्ये किंवा तारेला टेकलेल्या ओल्या गवतात. त्यामुळे मशीन उघडण्याआधी बॅटरी मोजायची हा आमच्या कामाचा पहिला नियम ठरला, आणि पुढे त्या नियमातूनच बॅटरी निवडून देणे व तिची निगा शिकवणे हे आमचे मुख्य काम झाले.

मोजण्याचीही एक रीत आहे. चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी मल्टिमीटरवर नेहमीच प्रत्यक्षापेक्षा जास्त भरलेली दिसते. म्हणून ती चार्जर आणि मशीन या दोहोंपासून सोडवून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावी. बारा व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी अशा स्थितीत 12.6 ते 12.7 व्होल्ट दाखवत असेल तर ती पूर्ण भरलेली आहे, 12.2 च्या आसपास असेल तर निम्मी उरली आहे, आणि 11.9 च्या खाली गेली असेल तर ती जवळजवळ रिकामी आहे. व्होल्टेज चांगले असूनही मशीन जोडताच ते झपाट्याने कोसळत असेल, तर बॅटरीची साठवण्याची शक्तीच संपलेली असते. अशी बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज करून सुधारत नाही.

दुसरा निर्णय वाहनाच्या बॅटरीबाबत घ्यावा लागला. घरात पडून असलेली गाडीची बॅटरी कुंपणाला लावण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु ती वेगळ्या कामासाठी बनवलेली असते. इंजिन सुरू करताना काही क्षण फार मोठा प्रवाह द्यावा लागतो, म्हणून तिच्यात पातळ प्लेट असतात आणि गाडी चालू होताच ती पुन्हा भरली जाते. कुंपणाचे काम याच्या अगदी उलट आहे : थोडा प्रवाह, पण अखंड, आणि बॅटरी खोलवर उतरेपर्यंत. अशा वापरात पातळ प्लेट लवकर झिजतात. खोलवर उतरणे सोसणारी जाड प्लेटची किंवा ट्युब्युलर बॅटरी महाग पडते, हे खरे. तरीही कायमच्या कुंपणासाठी आम्ही वाहनाची बॅटरी देणे बंद केले. त्यामुळे काही ग्राहक सुरुवातीला दुरावले, पण तो निर्णय आम्ही बदलला नाही.

किती क्षमतेची बॅटरी घ्यावी, हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक विचारला जातो आणि त्याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे. साधारण एक ज्यूल ऊर्जा साठवून दर सेकंदाला एक झटका सोडणारी मशीन घ्या. सेकंदाला एक ज्यूल म्हणजे एक वॅट. आतल्या परिपथातील गळती धरली तर बारा व्होल्टवर सुमारे 120 मिलीॲम्पिअर प्रवाह लागतो. चोवीस तासांत ही मशीन जवळजवळ 2.9 ॲम्पिअर-अवर (एक ॲम्पिअर प्रवाह तासभर वाहिला की एक ॲम्पिअर-अवर) आणि आठवड्याभरात 20 ॲम्पिअर-अवर खर्च करते. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून आठवड्यातून एकदा चार्ज करणाऱ्याला किमान 40 ॲम्पिअर-अवरची बॅटरी लागेल, आणि थंडीत व वयोमानाने क्षमता कमी होते हे लक्षात घेऊन आम्ही 50 किंवा 60 ची सुचवतो. मशीनवर लिहिलेला ज्यूलचा आकडा साठवलेल्या ऊर्जेचा आहे की बाहेर पडणाऱ्या ऊर्जेचा, हे मात्र आधी पाहावे. बाहेरचा आकडा नेहमी लहान असतो आणि त्यावर बांधलेला हिशोब तोकडा पडतो.

सौर पॅनेल जोडल्यावर हा हिशोब संपत नाही, उलट त्यात ऋतूची भर पडते. वीस वॅटचे पॅनेल चांगल्या उन्हात सुमारे 1.1 ॲम्पिअर देते; चार तास चांगले ऊन मिळाले तर वरील मशीनचा दिवसाचा खर्च भागून थोडे उरते, पण ढगाळ दिवसांत दोनच तास मिळाले तर बॅटरी रोज थोडी थोडी उतरत जाते. म्हणून पॅनेलचा आकार वर्षातील सर्वांत मंद उन्हावरून ठरवावा, आणि या उदाहरणात आम्ही 40 वॅटचे पॅनेल देतो. पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्जिंगवर नियंत्रण ठेवणारा चार्ज कंट्रोलर असलाच पाहिजे, कारण त्याच्याशिवाय कडक उन्हात बॅटरी अतिचार्ज होऊन तिचे पाणी उडते.

बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे तिला उतरलेल्या अवस्थेत पडू देणे. वापरात प्लेटवर लेड सल्फेट तयार होते. लगेच चार्ज केले तर ते विरघळते, पण आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. पीक निघाल्यावर कुंपण बंद करून बॅटरी कोपऱ्यात ठेवणाऱ्यांना आम्ही हे आग्रहाने सांगतो : पूर्ण चार्ज करा, तारा सोडवा, थंड व कोरड्या जागी ठेवा आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा भरा, कारण बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप उतरते आणि उष्णतेत अधिक वेगाने उतरते. चार्ज करताना क्षमतेच्या एक दशांश प्रवाह पुरेसा असतो, म्हणजे 40 ॲम्पिअर-अवरला चार ॲम्पिअर. पाण्याच्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल कधीही नाही, आणि तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. प्लेट उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढे घालावे. टर्मिनलवरील पांढरी पूड स्वच्छ करून पेट्रोलियम जेलीचा हलका थर द्यावा. जुन्या आणि नव्या बॅटऱ्या एकत्र जोडू नयेत, कारण जुनी नवीलाही ओढून खाली आणते.

अलीकडे आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्याही देऊ लागलो. त्या हलक्या असतात, त्यांची बहुतांश क्षमता निर्धास्तपणे वापरता येते आणि त्या लेड-ॲसिडपेक्षा कितीतरी अधिक वेळा भरता येतात. रोज खांद्यावरून बॅटरी वाहून नेणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा वाटतो. मात्र त्यांचे व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते, त्यामुळे लेड-ॲसिडसाठी बनवलेला मशीनवरील दिवा हिरवाच दिसतो आणि बॅटरी अचानक बंद पडते. चार्जर त्याच जातीचा हवा, आणि शून्य अंश सेल्सिअसच्या खाली त्यांना चार्ज करू नये.

सुरक्षेच्या बाबतीत आम्ही कोणतीही सवलत देत नाही. आंतरराष्ट्रीय मानक आयईसी 60335-2-76 नुसार झटके सेकंदाला एकापेक्षा अधिक नसावेत आणि 500 ओहमच्या भारावर एका झटक्याची ऊर्जा पाच ज्यूलपेक्षा जास्त नसावी. झटका तीव्र असूनही प्राणघातक ठरू नये, यासाठी ही मर्यादा आहे. कुंपणाची तार थेट घरगुती विजेला जोडणे म्हणजे माणसाच्या आणि जनावराच्या जिवाशी खेळ आहे. कुंपण जोडलेले असताना बॅटरीला विजेवरचा चार्जर लावू नये, असेही आम्ही प्रत्येकाला बजावतो. बॅटरी आधी मशीनपासून सोडवावी, मोकळ्या हवेत चार्ज करावी आणि जवळ ठिणगी पडू देऊ नये, कारण चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू बाहेर पडतो.

नवी बॅटरी देताना आम्ही तिच्यावर जोडणीची तारीख, मशीनचा खर्च आणि पॅनेलचे वॅट लिहितो, आणि शक्यतो जुनी परत घेतो. परत आलेली पाण्याची बॅटरी शिशाच्या पुनर्वापरासाठी अधिकृत संकलकाकडे पाठवण्यापूर्वी तिच्या प्रत्येक कप्प्याचे विशिष्ट गुरुत्व, म्हणजे आतले आम्लाचे द्रावण पाण्याच्या किती पट जड आहे ते, हायड्रोमीटरने तपासतो. सर्व कप्पे सारखेच उतरलेले असतील तर पॅनेल किंवा चार्जिंग अपुरे होते, एकच कप्पा मागे असेल तर बॅटरीतच दोष होता, आणि प्लेट कोरड्या असतील तर पाणी घालायचे राहिले होते. हे कारण त्या ग्राहकाच्या नोंदीत लिहिले जाते आणि त्याची पुढची बॅटरी, पॅनेल किंवा देखभालीचे वेळापत्रक त्याच नोंदीवरून ठरते.