डिसमिस की डिस्चार्ज: एका शब्दासाठी सात महिने

ह्यांना शिक्षा झाली तेव्हा फौजेतल्या नोकरीची १७ वर्षं भरली होती. सुट्टीवर गावी आले असताना बांधावरून भावकीत भांडण झालं, समोरच्याचं डोकं फुटलं, कोर्टाने ६ महिने दिले. चूक ह्यांचीच होती. मग पलटणीनेही घरी पाठवलं. ते दिवस कसे काढले ते इथे लिहीत नाही. लिहायचंय ते पेन्शनच्या खिडकीबद्दल.

विक्रोळीहून लोकल पकडून मी पेन्शनच्या कार्यालयात गेले. खिडकीवरच्या माणसाने कागद उलटूनही पाहिले नाहीत. "शिक्षा झाली ना? मग पेन्शन गेलं, ताई." दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला ह्यांना घरी पाठवल्याची मूळ ऑर्डर जमा करून घेतली, पोच दिली नाही. (मूळ कागद कधीच देऊ नका. झेरॉक्स द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.) चौथ्या खेपेला साहेब नाहीत. पाचव्या खेपेला फाइल सापडत नाही. धाकटीला शेजारी ठेवून मी दोन-दोन वाजेपर्यंत बाकावर बसायचे, आणि घरी आल्यावर हे काही न विचारता पाणी आणून द्यायचे. त्या खिडकीवरच्या माणसाबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

आमच्या इमारतीतल्या निवृत्त सुभेदार काकांनी एकच विचारलं, "पोरी, ऑर्डरवर शब्द काय आहे? डिसमिस की डिस्चार्ज?" मला सांगता येईना. मग त्यांनी समजावलं. डिसमिस म्हणजे बडतर्फ. आर्मी ॲक्टखाली बडतर्फ झालेल्याची आधीची सगळी सेवा पेन्शनसाठी बाद होते. अगदी अपवाद म्हणून राष्ट्रपतींच्या अधिकारात काही मिळालं तर मिळतं. पण डिस्चार्ज झालेल्या, म्हणजे बडतर्फ न करता सेवेतून मोकळं केलेल्या जवानाची १५ वर्षं भरली असतील तर त्याचा हक्क राहतो. नुसती शिक्षा झाली म्हणून पेन्शन आपोआप जात नाही.

ऑर्डरची प्रत रेकॉर्ड ऑफिसकडे (जवानांच्या नोकरीचे कागद ठेवणारं कार्यालय) साध्या पत्राने मागितली, दोन महिने उत्तर नाही. शेवटी १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून माहिती अधिकारात अर्ज केला. तिथे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. सव्विसाव्या दिवशी रजिस्टर्ड पाकीट आलं. दारातच फोडलं. डिस्चार्ज! मी उंबऱ्यावरच बसले.

खिडकीवर तो कागद ठेवला, त्याने मुकाट्याने घेतला. पुढचं सगळं प्रयागराजच्या लष्करी पेन्शन कार्यालयातून झालं, थकबाकीसह पैसे खात्यात आले.

तुमचा अर्ज लेखी फेटाळला तर ती तारीख जपून ठेवा. सशस्त्र सेना न्यायाधिकरणाकडे जायला तिथून ६ महिने असतात, आणि त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे. आणखी एक, पेन्शन सुरू झाल्यावरही चांगल्या वर्तणुकीची अट असतेच. पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झाली तर पेन्शन रोखता येतं. हे मी ह्यांना त्याच रात्री वाचून दाखवलं.

ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डाला पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश लागतो. तो आता हातात आहे, फॉर्म काल भरला.