झाडात प्रतिपिंडे नसतात, मग?

"वनस्पतींच्या शरीरात प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) तयारच होत नाहीत, मग रोपांच्या वाढीचा अभ्यास करणाऱ्यांना ती लागतात कशाला?" हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो आणि तो रास्त आहे. प्रतिपिंडे झाडाची नसतातच. वनस्पतीतील एखादे प्रथिन शुद्ध करून सशाला टोचले, की त्याच्या रक्तात त्या प्रथिनाला चिकटणारी प्रतिपिंडे तयार होतात आणि रोपाच्या अर्कातून तेच प्रथिन हुडकण्यासाठी आम्ही ती वापरतो.

जनुक चालू आहे की नाही, हे आता सहज मोजता येते. पण प्रकाशाच्या बाबतीत तेवढ्याने भागत नाही. रोप हिरवे होण्यास चालना देणारे एचवाय-५ हे प्रथिन अंधारात सीओपी-१ या दुसऱ्या प्रथिनामुळे सतत नष्ट केले जाते, त्यामुळे जनुकाच्या संदेशात फारसा फरक नसतानाही प्रथिनाच्या प्रमाणात मोठा फरक पडतो. फायटोक्रोम-ए हे प्रकाश ओळखणारे प्रथिन याच्या उलट वागते: ते अंधारात साठते आणि उजेड लागल्यावर काही तासांतच बहुतेक नाहीसे होते. म्हणून नवरात्राच्या घटातल्या धानासारखी लांबट, पिवळी रोपे मंद हिरव्या दिव्यातच तोडून तत्क्षणी द्रव नायट्रोजनमध्ये टाकावी लागतात. त्या वेळी कोणी दार उघडले, तर त्या दिवसाचे काम वाया गेलेच म्हणून समजा.

माझ्या मते प्रतिपिंडाची खरी परीक्षा ते गप्प बसते तेव्हा होते. अर्कातील प्रथिने वेगळी करून प्रतिपिंड लावले, की ते चिकटते तिथे पट्टा दिसतो; पण पट्टा दिसला नाही, तर प्रथिन नाही की प्रतिपिंडाला ते ओळखता आले नाही? अंधारात वाढवलेल्या ओटच्या फायटोक्रोमविरुद्ध बनवलेल्या प्रतिपिंडांना हिरव्या ओटमधील बहुतांश फायटोक्रोम ओळखता येत नाही, असे 1985 मध्ये आढळले. प्रकाश शोषून घेण्याच्या गुणावरून मात्र ते तिथे असल्याचे स्पष्ट दिसत होते. म्हणजे फायटोक्रोम एकाहून अधिक प्रकारचे होते, आणि 1989 मध्ये अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या जनुकांवरूनही तेच सिद्ध झाले.

यासाठीच ते प्रथिन मुळीच न बनवणाऱ्या उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) रोपाचा अर्क शेजारच्या रकान्यात चालवल्याशिवाय मी कोणत्याही पट्ट्यावर विश्वास ठेवत नाही. फायटोक्रोम-बी आणि डी इतके सारखे आहेत, की एकाचे प्रतिपिंड दुसऱ्यालाही चिकटण्याचा धोका असतो.

आपल्या ज्वारीतही असे घडले आहे. अवेळी लवकर फुलणाऱ्या, उंच आणि सडसडीत अशा एका उत्परिवर्तित वाणात सुमारे 123 किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचे, उजेडातही टिकणारे फायटोक्रोम प्रतिपिंडांना सापडले नाही. या वेळी गप्प बसण्याचा अर्थ सरळ होता: त्या वाणात सदोष असलेले एमए-३ हे जनुक फायटोक्रोम-बी चेच असल्याचे 1997 मध्ये दिसून आले.