काकीच्या वह्यांना साल नव्हतं

माझ्या थोरल्या काकीने रोजनिशी लिहिली ती तिथीवारावर. 'वद्य दशमी, गुरुवार' एवढं वर, खाली दिवसाचा हिशेब, आणि सुचलं तर शेवटी एखादी ओळ. साल एकाही वहीवर नाही. कुठलं साल चाललंय ते तिला ठाऊक होतं, मग लिहायचं कोणासाठी? म्हार्दोळच्या घराची कौलं उतरवली तेव्हा चुलतभावाने ते गाठोडं माझ्या हवाली केलं. म्हणाला, "तू मराठी शिकवतेस, तूच बघ काय ते." मराठी शिकवण्याचा फारसा उपयोग झाला नाही. पंचांगाचा झाला.

आधी वह्या उघडायच्या अवस्थेत आणाव्या लागल्या. गोव्याच्या हवेत कागद जगतो हेच नवल. वाळवीने कडा खाल्लेल्या, मधली पानं ओलीने एकमेकांना चिकटलेली. उन्हात टाकायचा मोह आवरला, कारण कडक उन्हात जुना कागद तडकतो आणि शाई आणखी उडते. सावलीत, पंखा लांब ठेवून वाळवल्या. चिकटलेली पानं ओढली नाहीत, वाळल्यावर पातळ पट्टी सरकवून सोडवली, सुटली नाहीत ती तशीच ठेवली. मग खिडकीच्या तिरक्या उजेडात प्रत्येक पानाचा फोनवर फोटो. तपकिरी पडलेली शाई डोळ्यांना दिसत नव्हती, ती फोटो काळा-पांढरा करून गडद केल्यावर वाचता आली. पुढचं सगळं वाचन त्या फोटोंवरून केलं, मूळ वह्यांना पुन्हा हात लावला नाही.

आता सालाचं. एका वहीत अधिक भाद्रपद होता. देवळातल्या भटजींकडे जुन्या पंचांगांची चळत आहे, त्यांनी ती काढली. अधिक भाद्रपद आला 1936 मध्ये, मग 1955 मध्ये, मग 1974 मध्ये. 1936 साली काकी परकर नेसून माहेरी बांद्याच्या शाळेत जात असणार. 1974 च्या हिशेबात रुपये-पैसे आले असते, इथे तांग आहेत, पोर्तुगीज अमलातली नाणी. म्हणजे 1955. पुढे एका वहीत अधिक श्रावण सापडला, तो 1958. आणखी एकीत अधिक ज्येष्ठ, तो 1961. खुंट्या ठोकल्या गेल्या, मधल्या वह्या तिथी आणि वार जुळवत त्यांच्यामध्ये बसवल्या. कुणाकडे अशा तिथीच्या वह्या असतील तर सगळ्यात आधी अधिक महिना शोधा. बाकी खाणाखुणा नंतर.

दुसरी अडचण आकड्यांची. आमच्या भाच्याने मोठ्या उत्साहाने टंकायला घेतलं आणि एका दिवसात घरात 411 कुडव भात आणून ठेवलं. काकीने 4॥ लिहिलं होतं, साडेचार. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. पैशांच्या हिशेबात उभी रेघ चार आण्यांची आणि आडवी एका आण्याची. पोर्तुगीज रुपीचे तांगही 16 च होते, त्यामुळे तिला माहेरची रीत बदलावी लागली नाही. माझ्या आईला हे वाचता येत होतं. तिने भाच्याला शेजारी बसवून शिकवलं, आणि त्यानंतर भात बेताचं झालं.

मी आधी शेवटच्या ओळीच तेवढ्या वाचत होते. वाटायचं, तिथे काकी भेटेल. तिथे असायचं 'बाबूस खोकला' किंवा 'पाऊस फार'. खरी काकी हिशेबात होती, हे उशिरा ध्यानात आलं. मग सरळ रकाने आखले, तांदूळ, रॉकेल, साखर, गूळ, नारळ, पाव, आणि महिन्यामागून महिना भरत गेले. कंटाळवाणं काम, पण घर दिसायला लागलं ते तिथे.

पावाचंच बघा. सुरुवातीच्या वहीत पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हिशेब वेगळ्या पानावर आहे, कारण आजीच्या सोवळ्यात पाव बसत नसे. पुरुष मंडळी सोप्यावर चहाबरोबर खात, उरलेला पोरं पळवत. पुढच्या वह्यांत तोच पाव हळूहळू घरच्या हिशेबात येतो, तांदळाच्या खाली, साखरेच्या वर. आजीने परवानगी दिली की डोळे मिटले, काकीने लिहिलेलं नाही. आत्याला विचारलं तर ती हसली नुसती.

1955 च्या ऑगस्टमध्ये भारताने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्याची नाकेबंदी केली. मुरगावहून कॅसलरॉककडे जाणारी रेल्वे थांबली, बेळगावकडून येणारी भाजी, कांदा, बटाटा, गूळ बंद. काकीच्या वहीत नाकेबंदी हा शब्द नाही. 'गूळ नाहीं' आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, त्या वर्षी अधिक महिन्यामुळे सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात गेली, आणि गूळ कुठून कुठून जमवला त्याची अख्खी यादी आहे: व्याह्यांकडून, शेजारणीकडून उसना, फोंड्याच्या दुकानदाराने 'ओळखीवर' दिलेला. पातोळ्या झाल्या, नेवऱ्या कमी केल्या. माटोळीला, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या सजावटीला, काही कमी पडलं नाही, ती कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) आणि रानातली, तिला कोण अडवणार!

पुढे मुरगावच्या बंदरात आगबोटीने सामान येऊ लागलं. हॉलंडचे बटाटे, सिलोनचा चहा, जपानचं सिमेंट. बटाट्यांवर काकीचा राग होता. 'हे बटाटे गोड. भाजी लगदा होते.' चहाबद्दल तक्रार नाही. सिमेंट आमच्या न्हाणीघराला लागलं, तिची ओळ आहे: 'न्हाणी गुळगुळीत झाली, सासूबाई घसरतील.' घसरल्या की नाही, ते पान वाळवीने खाल्लं आहे.

त्याच वह्यांत कुळागराला माणसं मिळत नसल्याची कुरकुर सुरू होते. लोखंडाच्या खाणी जोरात चालू झाल्या होत्या, माल जपानला जात होता, आणि रोख मजुरी सोडून सुपारी शिंपायला कोण थांबेल? नारळ पाडणारा पाडेलीसुद्धा वेळेवर येईना. काकांनी एकदा स्वतः नारळ पाडायचं ठरवलं तो प्रसंग काकीने दोन ओळींत संपवला आहे, आणि त्या दोन ओळी मी काकांच्या नातवंडांना वाचून दाखवल्या आहेत. सगळेच हसले. इथे लिहीत नाही.

माझ्या दृष्टीने वह्यांचा गाभा मात्र माहेर. काकी बांद्याची. पत्रादेवीच्या सरहद्दीवरच्या नाक्यापलीकडे काही मैल. 1955 पर्यंत तिच्या हिशेबात दर थोड्या महिन्यांनी 'बांदें गाडीभाडें' येतं, कधी भाऊ येतो, कधी आंबे येतात. 15 ऑगस्ट 1955 हा श्रावणातला शेवटचा सोमवार होता. त्या दिवशी पत्रादेवीला पोर्तुगीजांनी गोवामुक्तीसाठी आलेल्या सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. काकीची नोंद: 'मंगेशास अभिषेक. वाटेंत पाखले फार. बाबूस ताप.' पाखले म्हणजे गोरे पोर्तुगीज शिपाई. दोन दिवसांनी: 'तिकडली बातमी वाईट. दादाचें पत्र नाहीं.' आणि मग गाडीभाड्याची ओळ वहीतून जाते. परवान्याशिवाय ये-जा नाही, आणि परवान्यासाठी खेटे घालायला घरातल्या कुणाला सवड नव्हती, असं आत्या सांगते. मला हे कारण पटत नाही. सुनेच्या माहेरासाठी सवड काढणारं ते घर नव्हतं, एवढंच. पुढे दादाची पत्रं कुणाच्या तरी हाती येत राहतात, तेव्हा ती 'पत्र आलें' लिहिते, मजकूर कधीच नाही.

1959 मध्ये रुपी जाऊन एश्कूद आले, एका रुपीला सहा. काकीने रकानाच दुहेरी केला. डाव्या बाजूला रुपी-तांग, उजव्या बाजूला एश्कूद, आणि महिन्याअखेरीस दोन्हींचा मेळ. बाजारात एश्कूद मोजायचे आणि मनात रुपी धरायची, हे बरेच महिने चाललं. हा रकाना बघून माझ्या बँकेतल्या वहिनीने खुर्चीतून उठून नमस्कार केला.

डिसेंबर 1961 ची पानं घरातल्या सगळ्यांना आधी हवी होती. सोमवार, 18 डिसेंबर: 'पहाटे विमानें. रेडिओ बंद पडला. भात लवकर उरकलें.' रेडिओ म्हणजे एमिसोरा द गोवा. त्याचं बांबोळीचं केंद्र त्या सकाळी भारतीय विमानांनी उडवलं होतं. मग: 'बाणस्तारीचा पूल उडाला, मांडणीवरचीं ताटें हललीं. दूध नासलें.' मंगळवारी, पोर्तुगीज राजवट संपली त्या दिवशी, वहीत नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चहापूड आणि साखर खर्ची पडली आहे. कोण कोण येऊन गेलं ते लिहायला तिला उसंत मिळाली नसावी.

पौषात गाडीभाड्याची ओळ परत आली. 'बांद्यास गेलें.' पुढची पानं कोरी, ती परतेपर्यंत.

टंकलेल्या प्रती घरात वाटताना वाद झालाच. एका शाखेच्या जुन्या उधारीच्या नोंदी वह्यांत आहेत, त्या वगळा असं त्यांचं म्हणणं. मी वगळल्या नाहीत. ती पानं असलेली प्रत फक्त त्यांनाच दिली, इतरांच्या प्रतींत तिथे 'घरगुती व्यवहार' एवढंच घातलं. कुणी पूर्ण खूश नाही, पण बोलणं चालू आहे. मूळ वह्या आता सुती कापडात गुंडाळून, जमिनीपासून उंच, भिंतीला न लागेल अशा कपाटात आहेत, आणि पावसाळा संपला की उघडून बघायच्या असा नेम केला आहे.

काकीला आलेली दादाची पत्रं आमच्याकडे नाहीत. तिने दादाला लिहिलेली मात्र बांद्याला असू शकतात. तिच्या भाच्याला फोन केला. तो म्हणाला, माळ्यावर दोन ट्रंका आहेत, कुलपाच्या किल्ल्या गेल्या, मे महिन्यात मुलं सुट्टीला आली की उतरवतो, तेव्हा तुम्हीही या. आईला तोवर गुडघ्याचा पट्टा घ्यायचा आहे, कारण ती यायचंच म्हणते.