आमच्या म्हाताऱ्या सशाचे डोळे आणि त्यामागचे दात

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या भुऱ्याच्या उजव्या डोळ्याखालची लव सतत ओली दिसू लागली. घरात नीट सांभाळलेला ससा साधारण आठ ते बारा वर्षे जगतो, आणि भुऱ्याने तेव्हा आठव्या वर्षात पाऊल टाकले होते. सासूबाईंचे म्हणणे, "अगं, म्हातारपणी डोळ्याला पाणी यायचंच, माणसांना येत नाही का?" पण चार-आठ दिवसांत ते पाणी पांढरट, दाट झाले, गालावरचे केस चिकटून गळू लागले आणि खालची कातडी लाल दिसू लागली.

गणपतीपुळ्याच्या आसपासच्या आमच्या भागात गुरांचे डॉक्टर सहज मिळतात, परंतु सशाचा डोळा तपासण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचितच येतो. आमच्या डॉक्टरांनी ते मोकळेपणाने सांगितले, डोळा सलाइनने पुसून दिला आणि कोल्हापूरला जाण्याचा सल्ला दिला. एक गोष्ट त्यांनी निक्षून बजावली: घरात उरलेले कुठलेही थेंब घालू नका. बुबुळावर जखम असेल आणि थेंबांत स्टेरॉइड असेल, तर जखम भरण्याऐवजी खोल जाते. शेजारून आलेला मधाचा उपायही त्यामुळे आपोआप बाजूला पडला.

आंबा घाटातून सशाला नेणे हे एक वेगळेच काम आहे. सशाला उष्मा सोसत नाही. तिशीच्या पुढचे तापमान त्याच्या जिवावर बेतू शकते, आणि आपल्याकडची दमट हवा त्यात भर घालते. म्हणून आम्ही पहाटेच निघालो, पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली आणि सोबत गवत भरपूर घेतले. कुत्र्या-मांजरांना भूल देण्यापूर्वी उपाशी ठेवतात, तसे सशाला ठेवायचे नसते. ससा ओकू शकत नाही, आणि पोट रिकामे राहिले तर आतड्याची हालचाल थांबण्याचा धोका असतो.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनी डोळ्याकडे एकदाच पाहिले आणि म्हणाले, "डोळ्याचं नंतर बघू. आधी दात दाखवा." सशाच्या बाबतीत मला खरोखर कळलेली गोष्ट हीच. त्याचे अठ्ठावीसही दात आयुष्यभर वाढत राहतात. पुढचे दात तर आठवड्याला साधारण 2 मिलिमीटर वाढतात. लांब, राठ गवत चघळून ते झिजले नाहीत, तर वाढ नुसती तोंडाच्या बाजूने न होता मुळाकडूनही आत सरकते. डोळ्यातले पाणी नाकात नेणारी बारीक नळी वरच्या पुढच्या दातांच्या मुळांना अगदी लागून जाते. मूळ लांबले की नळी दाबली जाते, पाणी साचते आणि त्यात पू होतो. एक्स-रेमध्ये भुऱ्याच्या दाताचे मूळ नळीच्या वाटेत वाकून शिरलेले स्पष्ट दिसत होते.

त्यानंतर डोळ्यात एक रंगद्रव्य घातले गेले. बुबुळावर ओरखडा असता तर निळ्या प्रकाशात तो हिरवा चमकला असता. तो नव्हता, एवढा दिलासा मिळाला. पण तोच रंग नाकपुडीतूनही बाहेर यायला हवा होता, तो आला नाही. म्हणजे नळी पूर्ण तुंबलेली. सशाला नळीचे तोंड एकच असते, खालच्या पापणीच्या आतल्या बाजूला, तिळाएवढे. बधिर करणारे थेंब घालून आणि हलकी गुंगी देऊन डॉक्टरांनी त्यात सुईसारखी, पण बोथट, नळी सरकवली आणि सलाइन सोडले. आधी काहीच आले नाही. दाब थोडा वाढवताच नाकपुडीतून दह्याच्या गुठळीसारखा पू निघाला, मग गढूळ पाणी आणि शेवटी स्वच्छ. सशाचा पू माणसाच्या पुवासारखा पातळ नसतो, त्यामुळे नुसत्या थेंबांनी तो कधी वाहून गेला नसता.

घरी आल्यावर प्रतिजैविकाचे थेंब आणि वेदनाशामक चालू ठेवले. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलिनसारखी औषधे सशाला तोंडावाटे देऊ नयेत, कारण त्यांनी आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो, हेही तेव्हाच समजले.

त्याच भेटीत डाव्या डोळ्यातला मोतीबिंदूही लक्षात आला. तो वयामुळे असू शकतो, तसाच सशांमध्ये आढळणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीमुळेही. त्यासाठी रक्ताची तपासणी केली, तिच्यात काही निघाले नाही. शस्त्रक्रियेचा पर्याय डॉक्टरांनी सांगितला, पण या वयात भूल आणि नंतरची शुश्रूषा पाहता आम्ही तो घेतला नाही, आणि त्याबद्दल मला खंत नाही. एरवीही सशाला नाकासमोरचे दिसत नाहीच. तो मिशा, वास आणि सवयीवर चालतो. पडवीतला त्याचा पाट, पाण्याचे भांडे आणि गवताची टोपली यांची जागा आम्ही बदलत नाही, आणि हात लावण्यापूर्वी त्याला हाक मारतो. मागच्या पायांचे सांधे आखडल्याने त्याच्या मुताच्या ट्रेची एक कड कापून घेतली आहे. पावसात माश्या असतात तेव्हा शेपटीखालचा भाग ओला राहू न देणे हे मात्र डोळ्यापेक्षाही महत्त्वाचे ठरते, कारण तिथे अळ्या पडायला एक दिवसही पुरतो. वजन दर आठवड्याला कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या काट्यावर होते. दुकानदारकाकांना आता ते पाठ झाले आहे आणि घटले तर तेच आधी ओरडतात.

खरी अडचण गवताची आहे. पावसात पेंढ्याला आणि गवताला बुरशीचा वास येऊ लागतो, आणि तसले गवत सशाला घालता येत नाही. म्हणून दिवाळीनंतर कापलेले, कडक उन्हात वाळलेले गवत पोत्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवतो, आणि ते संपले की ऑनलाइन टिमोथी गवत मागवतो, जे महाग पडते.

मुळाचा आकार बदलणार नसल्याने नळी पुन्हा तुंबणार, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितले होते, आणि तसे घडलेही. पुढची सफाई आम्ही दसऱ्यानंतर ठेवली आहे, कारण भर पावसात घाटात दरड आली तर म्हाताऱ्या सशाला घेऊन रस्त्यावर ताटकळणे परवडणारे नाही. तोवर रोज सकाळी कोमट सलाइनने डोळा पुसायचा आणि पू पुन्हा दाट झाला किंवा त्याने खाणे सोडले, तर मात्र पाऊस न पाहता निघायचे, असे डॉक्टरांशी ठरले आहे.