तुकड्याचं रजिस्टर

वेंगुर्ल्याकडच्या एका काजू कारखान्यात मी ग्रेडिंग आणि हिशेब बघते. आमच्याकडे कागदांची वाण कधीच नव्हती. बी किती आली, किती उकडली, कटिंगला कुणी किती फोडली, सोलणीत कुणाच्या हातून अख्खा गर किती, पाकळी किती, तुकडा किती, कणी किती, सगळं रोज लिहिलं जायचं. संध्याकाळी मालक रजिस्टर उघडायचे, सगळ्यात जास्त तुकडा कुणाचा ते बघायचे आणि दुसऱ्या दिवशी त्या बाईला चार शब्द सुनवायचे. पान उलटलं की विषय संपला.

काजूचा धंदा अख्ख्या गरावर चालतो. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे एका पौंडात, म्हणजे ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अख्खे गर. गर दुभंगला की पाकळी, आणखी फुटला की तुकडा, आणि दर पायरीला भाव उतरतो. सोलणीच्या बायकांची मजुरी किलोवर, तुकडा वाढला की तिलाही कात्री. इतकं ज्याच्यावर अवलंबून, ते रजिस्टर फक्त ओरडण्यापुरतं उघडलं जात होतं.

पूर्वी क्वालिटीच्या एका प्रशिक्षणात शूहार्टचा तक्ता शिकवला होता. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने १९२४ मध्ये टेलिफोनचं सामान बनवणाऱ्या कारखान्यासाठी तो मांडला. कल्पना साधी आहे. कुठलंही काम रोज थोडं वरखाली होणारच. रोजचा आकडा ठिपक्याने मांडायचा, सरासरीची रेघ काढायची, तिच्या वर आणि खाली हिशेबाने मर्यादेच्या रेघा काढायच्या. ठिपके आत आहेत तोवर ती त्या कामाच्या पद्धतीचीच हालचाल, एकेका माणसामागे लागून ती कमी होत नाही. ठिपका बाहेर गेला तर मात्र त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलेलं असतं, ते शोधायचं.

मी जुनी पानं काढून एकेका बाईचा तक्ता केला. जवळजवळ सगळे ठिपके रेघांच्या आत. आज जिचा तुकडा सर्वांत जास्त, ती दोन दिवसांनी मधेच कुठेतरी. म्हणजे बोलणी कुणी खायची हे मटक्याच्या आकड्यासारखं ठरत होतं! पण सरासरीची रेघच मुळात वर होती, आणि ती का वर आहे याचं उत्तर त्या रजिस्टरमध्ये सापडणार नव्हतं.

उत्तर जेवणाच्या सुट्टीत मिळालं. तक्ते पसरून बसले होते, तेव्हा सोलणीतल्या सर्वांत जुन्या काकी वाकून बघत म्हणाल्या, "गो बाय, वरच्या ट्रेचो माल हातात घेतल्यार फुटता, नि खालच्याची साल सुटना नाय. तुझ्या वहीत ट्रे खंय आसा?"

ट्रे नव्हताच. आमच्या वहीत माणसांची नावं होती, मालाची वाट नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. फोडलेल्या बियांमधला गर ट्रेंमध्ये पसरून, ते ट्रे ड्रायरमध्ये एकावर एक लावून साधारण ७० अंशांवर काही तास सुकवतात. गर थोडा आकसतो, वरची लालसर साल सैल होते आणि अंगठ्याने चोळली की कुरकुरत सुटते. कमी सुकला तर साल चिकटून राहते, सुरी लावावी लागते आणि सुरी गराला लागते. जास्त सुकला तर गर ठिसूळ होतो, चिमटीतच मोडतो. दोन्हीकडून तुकडाच.

मग ट्रेंवर ऑइल पेंटने आकडे घातले आणि प्रत्येक ट्रेबरोबर एक चिठ्ठी सोलणीच्या टेबलापर्यंत जाईल असं केलं. नावाच्या रकान्याशेजारी ट्रेचा आणि वेळेचा रकाना. काही आठवड्यांत चित्र दिसायला लागलं. सर्वांत वरच्या ट्रेंचा तुकडा मधल्यांच्या जवळजवळ दुप्पट. शिवाय पावसाळ्यात दुपारनंतरचा माल सकाळच्या मालापेक्षा वाईट. आपल्याकडच्या श्रावणातल्या हवेत सुकवलेला गर उघडा ठेवला की तो ओल ओढतो आणि सैल झालेली साल पुन्हा बसते.

दुसरं लगेच सुटलं. झाकणाचे डबे आणले, लागेल तेवढाच माल टेबलावर.

ट्रेचं मात्र जड गेलं. मध्येच ट्रे वरखाली बदलायचे म्हणजे ड्रायर उघडायचा, उष्णता जाणार, इंधनाची टरफलं जास्त जळणार, आणि हे सगळं रात्रीच्या वेळी. ड्रायरवरच्या दादांना वाटलं, इतके दिवस बायकांना बोलायचे, आता आपली पाळी. त्यांचं वाटणं चूक नव्हतं, कारण आमच्याकडे आकडा म्हणजे कुणाची तरी खरडपट्टी हेच शिकवलेलं. म्हणून तक्त्यावर त्यांचं नाव घालायचं नाही असं आधी ठरवून घेतलं, आणि ट्रे कधी फिरवायचे ते त्यांनाच ठरवू दिलं. मालकांना टक्केवारी दाखवून उपयोग नव्हता. वरच्या ट्रेचा तुकडा वेगळा तोलला, त्या दिवशीच्या अख्ख्या आणि तुकड्याच्या भावातला फरक लावला आणि रुपये समोर ठेवले. "टरफलं जळू देत," एवढंच म्हणाले.

सरासरीची रेघ खाली आली. जादू झाली नाही; पण खाली आली आणि खालीच राहिली, हे महत्त्वाचं. तक्ता आता ऑफिसात नाही, सोलणीच्या भिंतीवर आहे. जे रकाने कुणीच बघत नव्हतं ते मी बंद केले. त्याला मात्र कुणाचा विरोध झाला नाही, त्यांची आठवणही कुणी काढली नाही.

एक गोष्ट अडकलेलीच आहे. टरफलाच्या तेलाने हात भाजल्याच्या नोंदीही आम्ही ठेवतो. त्यावरून हातमोजे आणले, पण ते घालून हात मंदावतो आणि मजुरी किलोवर. जोवर दर बदलत नाही तोवर मोजे खुंटीलाच राहणार, हे मी मालकांना सांगितलंय. बोलणी चालू आहेत.

आता कटिंगच्या बायकांनी विचारलंय, आमचा तक्ता कधी? बी चाळणीतून आकाराप्रमाणे नीट वेगळी झाली नाही तर पातं टरफलाऐवजी गरावर बसतं, असा त्यांचा संशय आहे. त्यामुळे पहिला रकाना चाळणीचा.