कळकलेला फोन

रविवारी दुपारी कपाट आवरताना जुना फोन हाती लागला. चार्जरला लावला तर कंपनीचं नाव झळकायचं, विझायचं, पुन्हा झळकायचं. दारात येऊन चपला काढायच्या आणि परत घालायच्या, अशा पाहुण्यासारखं. पुढे काही सरकेना.

खरं तर टाकूनच द्यायचा. पण अशा वेळी मला चेव येतो. मूळ सॉफ्टवेअरची फाइल उतरवून घेतली, नखाएवढं मेमरी कार्ड शोधलं (ते एकदा हातातून निसटून सतरंजीच्या दशांत गेलं, ती अर्धा तासाची गोष्ट वेगळी), फॅट-३२ या फाइली मांडायच्या पद्धतीत फॉरमॅट केलं. कार्डावर 'डीलोड' नावाचं फोल्डर, आत 'अपडेट डॉट ॲप' ही एकच फाइल. नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं की फोन ओळख दाखवत नाही. मग बंद फोनची आवाजाची दोन्ही बटणं आणि पॉवरचं बटण एकदम दाबून धरायचं. पहिल्यांदाच पेटीवर बसलेल्या पोरासारखी माझी बोटं झाली. तिसऱ्या खेपेला फोन थरथरला आणि पडद्यावर पट्टी सरकू लागली.

घरच्यांचं म्हणणं, नुसता रीसेट मारायचा होता. कसं सांगावं यांना! रीसेट म्हणजे भांडं घासणं. कल्हईच उडाली असेल तर घासून काय होणार?

हे मनात आलं आणि पट्टी बाजूलाच राहिली. साताऱ्याच्या आमच्या वाड्यात कल्हईवाला यायचा. अंगणात खड्डा, कोळसे, भाता. भाता कुणी मारायचा यावरून आम्हा पोरांची मारामारी. पितळी पातेलं तापलं की तो चिमूटभर नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकात झिणझिण्या. मग कथलाची कांडी टेकवून कापसाचा बोळा आतून गर्रकन फिरवायचा. काळंमिचकूट पातेलं डोळ्यांदेखत रुपेरी. पाण्यात बुडवलं की चर्र! कथील २३२ अंशांना वितळतं, हे मला कॉलेजात कळलं. तो नुसता पातेल्याकडे बघायचा.

तो येईपर्यंत कल्हई उडालेल्या पातेल्यावरून आजीचा आईमागे धोशा, "त्यात ताक ठेवू नकोस गं, कळकेल." म्हणजे पितळ आंबटात उतरून ताक नासेल. फोनही कळकलाच होता की. अर्धवट अपडेट, तीन-तीन की-बोर्ड, कधीकाळी उतरवलेली पंचांगं, शेकडो सुप्रभातची गुलाबं.

पट्टी पूर्ण भरली, फोन चालू झाला आणि म्हणाला, भाषा निवडा. सात वर्षं माझ्या खिशात होता, आता मला ओळखेना. मागच्या कोपऱ्याचा टवका तेवढा जागेवर होता, एसटीतून उतरताना पडला तेव्हाचा. आजीच्या पातेल्यांवर बाहेरून तिचं नाव कोरलेलं असायचं. कल्हईवाल्यानं आत काहीही केलं तरी ते जायचं नाही.

आता हा फोन द्यायचा कुणाला, ते ठरलेलं नाही. माळ्यावर आजीची तीन पातेलीही आहेत, गेल्या दिवाळीत मुद्दाम कल्हई करून आणलेली. त्यांत कुणी काही शिजवत नाही.