आलू, सांबार आणि शनिवारचा वर्ग

इंग्लंडात मूल चार वर्षांचं झालं की रिसेप्शनच्या वर्गात जातं. तिथं अक्षरांच्या नावांआधी त्यांचे आवाज शिकवतात. पुष्कळ शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहांनी होते, कारण एवढ्यावर सॅट, पिन, टॅप असे कितीतरी शब्द लगेच वाचता येतात. पहिलीच्या अखेरीस 40 शब्दांची तपासणी असते. त्यातले 20 शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात, म्हणजे मूल आवाज जोडून वाचतं की पाहून पाठ केलंय, ते कळतं. लेकीच्या शाळेत मी मुलांचं वाचन ऐकायला जाते, तेव्हा मला सारखा विदर्भातल्या दारव्ह्याकडचा आमचा भाचा आठवतो.

तो दुसरीत आहे. बाराखडी घडाघडा म्हणतो, पण ‘मका’वर बोट ठेवलं की गप्प. वहिनींना वाटलं, पोराचं डोकंच चालत नाही. मला ते मुळीच पटलं नाही. तोंडपाठ म्हणणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता दर शनिवारी व्हिडिओ कॉलवर आमचा वर्ग भरतो. तिकडं संध्याकाळचे सात, इकडं सध्या दुपारचे अडीच. र, न, क, म आणि काना, एवढंच घेतलं. त्यातून रान, कान, नाक, काम, मका, मामा. स्वतः वाचलेला पहिला शब्द ‘रान’ निघाला तेव्हा तो ओरडलाच, “आत्या, आपलं वावर!”

अडखळणं पुढं आलं ते वेलांटीशी. ‘दिवा’त वेलांटी आधी दिसते आणि बोलताना मागून येते. म्हणून तो आधी ‘द’वर बोट ठेवतो, मग वेलांटीवर. घ-ध आणि भ-म साठी वहिनी त्याला अंगणातल्या ओल्या मातीत काडीनं मोठ्ठी अक्षरं काढायला लावतात. वहीपेक्षा हे फार बरं, हात आखडत नाही.

सगळ्यात जपावं लागतं ते बोलीला. आमच्याकडं डोळा ‘डोया’ असतो, केळं ‘केयं’. त्यानं ‘डोया’ लिहिलं तर मी खोडत नाही. त्यानं ऐकलं तेच लिहिलंय, म्हणजे कान नीट काम करतोय! शेजारी ‘डोळा’ लिहून सांगते, घरात असं, पुस्तकात असं. पुस्तकात बटाटा आणि कोथिंबीर, त्याच्या घरात आलू आणि सांबार. आम्ही चित्रांखाली आधी त्याचे शब्द लिहितो, मग पुस्तकातले. सहा-सात वर्षांच्या लेकराला ‘तू चुकीचं बोलतोस’ म्हटलं की ते बोलायचंच थांबतं, आणि न बोलणारं लेकरू लिहिणार काय?

जोडाक्षरं दिवाळीनंतर घेऊ. पहिला शब्द त्यानंच ठरवलाय, ‘पऱ्हाटी’, म्हणजे कपाशी. वेचणी तेव्हा ऐन भरात असेल. ‘ऱ्ह’ अवघड आहे, तरी तिथूनच सुरू करणार आहोत.